येतो!

आमच्या आईचा ठाम समज आहे की मी बिल्डरकडे कामाला आहे. चूक तिची नाही. "नागपूरची साइट बंद पडली", "आज रात्री पुण्याच्या साइटवर काम आहे", "कोल्हापूरवाल्यांना अजून मिळालं नाही, ते ओरडतायत" अशी वाक्यं तिन्ही त्रिकाळ कानावर पडल्यावर दुसरं काय वाटणार? मागच्या दिवाळीत तिने मावशीला परस्पर सांगून टाकलं, "अगं, त्याला विचार की! चार-चार साइट आहेत त्याच्याकडे. कुठेतरी टू बीएचके देईलच." मावशीचा फोन आला. मी तिला समजावलं की माझ्या साइट वेगळ्या, मी लोकांना घर देत नाही, डेस्कटॉप देतो, आणि तोही हाताला लागणारा नाही, आभासी. मावशी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे अजून पायाच खणायचाय का?"

मावशीला जे सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगून बघतो. देवळात एक मूळ मूर्ती असते आणि एक उत्सवमूर्ती. मूळ मूर्ती गाभाऱ्यातून हलत नाही. पालखीत बसून गावभर मिरवते ती उत्सवमूर्ती. आमच्या कंपनीत टेबलावर दिसते ती उत्सवमूर्ती. एक पडदा, एक कीबोर्ड, एक माउस आणि शिवणाच्या डब्याएवढी एक पेटी. खरा कॉम्प्युटर गाभाऱ्यात, म्हणजे डेटा सेंटरमध्ये, सर्व्हरच्या पोटात. तिथे बारा महिने एसी, आणि आत जायला सोवळं लागत नसलं तरी बोटाचा ठसा लागतो. कोल्हापुरात माउस हलवला की बाण हलतो पुण्यात, आणि हलल्याचं चित्र तेवढं कोल्हापूरला परत येतं. कल्पना फार नवी नाही. एड आयकोबुची नावाच्या गृहस्थांनी आयबीएम सोडून 1989 मध्ये सिट्रिक्स काढली ती एका यंत्रावर एकाच वेळी अनेकांना बसवता यावं म्हणून. आपल्याकडे एसटी हे त्याच्या कितीतरी आधीपासून करत होती.

आमची गावं चार: पुणे, नागपूर, कोल्हापूर, पणजी. गाभारे दोन, पुणे आणि नागपूर. माणसं बाराशे. त्यातल्या कुणाला कुठला डेस्कटॉप दिसावा, कुणाला कुठलं फोल्डर उघडावं, हे बघणारा मी. ऐकायला यात मोठा रुबाब वाटतो. प्रत्यक्षात मी किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेला वाड्यावरचा दिवाणजी. वाडा मालकांचा, खोल्या भाडेकरूंच्या, आणि दार उघडलं नाही की शिव्या मला.

या व्यवस्थेत प्रत्येक माणसाला एक 'होम साइट' लावून द्यावी लागते. आभासी डेस्कटॉप वाटणाऱ्या होरायझन या सॉफ्टवेअरच्या सहाव्या आवृत्तीत, 2014 साली, वेगवेगळ्या ठिकाणची डेटा सेंटर एकत्र जोडायची सोय आली, तिच्यातली ही भानगड. माणसाने कुठूनही लॉगिन केलं तरी त्याचा डेस्कटॉप आधी त्याच्या होम साइटवर शोधायचा; तिथे काही मिळालं नाही तरच दुसरीकडे बघायचं. परदेशातल्या इंजिनियरांना हे सुचायला 2014 उजाडावं लागलं. मराठी माणूस पहिल्या भेटीत नावाच्याही आधी विचारतो, "मूळचे कुठले तुम्ही?" तीन पिढ्या डोंबिवलीत काढलेला माणूस उत्तर देतो, "तसे आम्ही चिपळूणकडचे." यंत्रणेची समजूत अगदी अशीच आहे. तुम्ही आज कुठे बसलायत याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं.

घोळ होतो बदलीने. पुण्याच्या अकाउंट्समधल्या एक मॅडम बढतीवर नागपूरला गेल्या. एचआरने त्यांचं पद बदललं, पगार बदलला, व्हिजिटिंग कार्डं नवी छापली. मला कळवायचं तेवढं राहिलं. मॅडम नागपूरला तिसऱ्या मजल्यावर बसायच्या. नागपूरचा गाभारा त्याच इमारतीत तळमजल्यावर. आणि त्यांचा डेस्कटॉप रोज सकाळी पुण्याहून यायचा. सातशे किलोमीटर अंतर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन सात मिलिसेकंद. पण ते थेट गेलं तर. आमची लाइन महाराष्ट्र एक्सप्रेससारखी सगळ्या गावांना भेट देत जाते. मॅडम तीन महिने काही बोलल्या नाहीत. नागपूरच्या उन्हामुळे कॉम्प्युटर मंदावला असेल, असं त्यांना वाटलं. चौथ्या महिन्यात फोन आला, "मी अक्षर टाइप करते, चहाचा घोट घेते, मग अक्षर येतं." मी होम साइट बदलून नागपूर केली. डेस्कटॉप झटकन उघडला, आणि पूर्ण रिकामा होता! कारण माणूस नागपूरला आला तरी त्याचं प्रोफाइल, म्हणजे कपडेलत्ते, भांडीकुंडी, मुलाचा वॉलपेपरवरचा फोटो, सगळं पुण्याच्या सर्व्हरवरच राहिलं होतं. ते रात्रीतून हलवलं. टेम्पो लागला नाही एवढंच, बाकी घर बदलण्यात आणि यात फरक नाही. एक वस्तू हमखास सापडत नाही आणि ती नेमकी सकाळी हवी असते.

आता परवानग्यांकडे येऊ. बाराशे माणसांना एकेक करून परवानगी देत बसलं तर आयुष्य पुरणार नाही, म्हणून माणसं ग्रुपमध्ये घालायची आणि परवानगी ग्रुपला द्यायची. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं आहे. पण ग्रुपमध्ये ग्रुपही घालता येतो. लग्नपत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' छापण्यातला धोका ज्याला कळतो त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. तुम्ही बोलावता सदाशिव पेठेतल्या काकांना. काकांबरोबर सून, सुनेबरोबर तिची बहीण, बहिणीबरोबर तिच्या ऑफिसातल्या दोघी, आणि श्रीखंडाचा हिशेब चुकतो. मी एकदा 'पगारपत्रक बघणारे' या ग्रुपमध्ये 'अकाउंट्स' हा ग्रुप घातला. अकाउंट्समध्ये कुणीतरी आधीच 'ऑडिटची तयारी' घातलेला होता, आणि त्यात 'कॉन्फरन्स रूमचे प्रोजेक्टर' सांभाळणारी मुलं होती. पंधरा दिवस प्रोजेक्टरवाल्या मुलाला संचालकांचा पगार दिसत होता. मुलगा सज्जन, बोलला नाही. फक्त त्या वर्षी त्याने पगारवाढ मागताना आकडा जरा मोठा सांगितला.

याला एक मर्यादा आहे हे मात्र बरं. एखादा माणूस साधारण 1015 ग्रुपांच्या पलीकडे गेला की विंडोज त्याला लॉगिनच करू देत नाही. इतक्या मंडळांचे सभासद असलेले लोक पुण्यात आहेत आणि ते सर्वत्र वेळेवर पोचतातही. पण ते विंडोजवर चालत नाहीत.

मी पुण्यात बसून एखाद्याला परवानगी दिली की ती नागपूरला त्याच क्षणी पोचते, असा लोकांचा गोड गैरसमज आहे. दोन साइटमधल्या ॲक्टिव्ह डायरेक्टरी, म्हणजे माणसांच्या आणि ग्रुपांच्या वह्या, एकमेकींना बातम्या देतात त्याची मूळची ठरलेली वेळ तीन तास. ती खाली आणता येते, पण सेटिंगमधून पंधरा मिनिटांच्या आत नाही. त्याहून घाई हवी तर वेगळी खटपट करावी लागते. आमच्याकडे ती मूळच्या वेळेलाच राहिली होती, कारण ज्याने यंत्रणा उभी केली तो नोकरी सोडून गेला आणि ज्याने हाती घेतली, म्हणजे मी, त्याने भीतीपोटी कशालाच हात लावला नाही. सकाळी दहाला मी परवानगी द्यायचो आणि साडेदहापासून नागपूरचे फोन.

"सर, डेस्कटॉप दिसूनच नाही राहिला ना."

"दिलाय मी. दिसेल थोड्या वेळात."

"मी सकाळपासून बसून आहो, सर. समोर निस्तं कंपनीचं चिन्ह आहे. त्याच्याकडे पाहून राहिलो."

तेवढ्यात हा गृहस्थ चुकीचा पासवर्ड पाचदा टाकून खातं लॉक करून घ्यायचा. आणि गंमत बघा, खातं लॉक झाल्याची बातमी मुख्य डोमेन कंट्रोलरकडे, म्हणजे ती वही सांभाळणाऱ्या मुख्य सर्व्हरकडे, जायला तीन तास वगैरे काही थांबत नाही. ती तडक जाते. नोकरी लागल्याचं पत्र साध्या टपालाने आणि कर्ज थकल्याची नोटीस हातोहात, हा नियम ज्याने संगणकात आणला त्याचं आजोळ आपल्याकडचं असावं.

पण या सगळ्यापेक्षा मला जास्त छळलंय ते एका शब्दाने. आपण कुणाच्या घरून निघताना 'जातो' म्हणत नाही. 'जातो' अशुभ. आपण म्हणतो, 'येतो'. म्हणून चप्पल घालतो, दारात उभे राहतो, आणि खरं बोलणं तिथे सुरू होतं. व्हर्च्युअल डेस्कटॉपलाही निघण्याचे दोन प्रकार कळतात. एक लॉग ऑफ: सामान आवरलं, दिवा मालवला, खोली रिकामी केली. दुसरा डिस्कनेक्ट: खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबली आणि उठला. पडदा गेला, पण आत सगळं तसंच चालू. दिवा जळतोय, एक्सेल उघडी, अर्धवट लिहिलेला मेल तसाच. यंत्रणा त्या माणसाची वाट बघत बसते, कारण तो 'येतो' म्हणून गेलाय. आमच्या बाराशे माणसांपैकी रोज रीतसर लॉग ऑफ करणारी माणसं मी हातांच्या बोटांवर मोजू शकतो, आणि तीही बहुतेक वीज वाचवणाऱ्या पिढीतली.

यात माझं काय बिघडतं? खूप बिघडतं. तुम्ही कुठल्या ग्रुपमध्ये आहात हे यंत्रणा लॉगिनच्या वेळी एकदा बघते आणि तसा शिक्का मारते. मग दिवसभर तोच शिक्का. मी दुपारी तुम्हाला नव्या ग्रुपमध्ये घातलं तर ते तुमच्या चालू डेस्कटॉपच्या गावीही नसतं. त्यासाठी एकदा पूर्ण बाहेर जाऊन परत यावं लागतं. म्हणून आम्ही सांगतो, "लॉग ऑफ करून पुन्हा या." कोल्हापूरच्या स्टोअर्समधल्या भाऊंना मी हे तीन दिवस सांगत होतो.

"साहेब, केलंय की लॉग ऑफ. फुली दाबली, स्क्रीन गेली."

"फुली म्हणजे लॉग ऑफ नव्हे."

"आवो, स्क्रीन दिसंना झाली म्हणजे आणि काय व्हायला पाहिजे? बारावं घालू काय तिचं?"

मी इथून बघितलं. भाऊंचं सेशन बावीस दिवस चालू होतं. मधे गणपती येऊन गेले होते.

आमच्या साहेबांनी एकदा फर्मान काढलं की चार तास डिस्कनेक्ट राहिलेलं सेशन आपोआप बंद करायचं. सोमवारी सकाळी चारही गावांतून एकाच सुरात टाहो: आमची शीट गेली. सेव्ह न केलेल्या कागदावर कुणी कुणी वर्षाचं बजेट मांडून ठेवलं होतं. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "हे असं कुणी सांगितलं करायला?" मी त्यांचाच मेल दाखवला. ते म्हणाले, "मेल ठीक आहे, पण तारतम्य नावाची गोष्ट असते." तारतम्य सध्या बहात्तर तासांवर आहे.

शिक्का मारणाऱ्या त्या व्यवस्थेचं नाव कर्बेरॉस. एमआयटीत जन्मली; नाव ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या दारावरच्या कुत्र्याचं, ज्याला तीन तोंडं. आपल्याकडे दत्तगुरूंना तीन तोंडं आणि पायाशी कुत्रे साधे, एकतोंडी. त्यांनी अदलाबदल केलेली दिसते. या कुत्र्याचा एकच हट्ट आहे: तुमच्या आणि त्याच्या घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक नको. पाच मिनिटांपर्यंत तो समजून घेतो. त्यापुढे ओळखीचा माणूस असला तरी दारात अडवतो. 'पाच मिनिटांत पोचतो' या वाक्यावर ज्या समाजाचं अर्धं जीवन चालतं तिथे त्या पाच मिनिटांना खरोखरची पाच मिनिटं समजणारं जनावर दारावर बसवणं हा मला शुद्ध परकेपणा वाटतो. आमच्याकडे एका यंत्राचं घड्याळ सात मिनिटं मागे पडलं आणि त्यावरचे सगळे लोक बाहेर राहिले. यंत्र पुण्याचं होतं, ही बातमी मी नागपूरला कळू दिली नाही.

पासवर्डबद्दल मी फार बोलणार नाही. तो दुखरा भाग आहे. एवढंच सांगतो की हा रोग पासवर्डाच्या जन्मापासूनचा आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांनी अनेकांनी मिळून वापरायच्या संगणकाला पासवर्ड लावले, कारण प्रत्येकाला आठवड्याचे ठरावीक तास वाटून दिलेले होते. 1962 मध्ये ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला ते तास पुरेनात. त्याने रीतसर पंचकार्ड भरून पासवर्डांची अख्खी फाइलच छापायला टाकली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन कागद घेऊन आला. रेशनच्या रांगेत दुसऱ्याचं कार्ड वापरण्याचा हा संगणकातला पहिला नमुना असावा. आमच्याकडे एवढे कष्ट कुणी घेत नाही. कीबोर्ड उलटा केला की पिवळी चिठ्ठी असते, तिच्यावर कुलदैवताचं नाव, मग ॲट, मग चालू वर्ष. ज्या बिल बर यांनी 2003 मध्ये पासवर्ड वारंवार बदला, त्यात चिन्हं आणि आकडे घाला, असा सल्ला अमेरिकेच्या सरकारी पुस्तिकेत लिहिला, त्यांनी 2017 मध्ये त्याबद्दल खंत व्यक्त केली. आमच्या कंपनीत ती खंत अजून पोचलेली नाही. तीन तास झाले नसतील.

असो. देण्याचं काम कितीही कटकटीचं असलं तरी ते आनंदाचं आहे. माणूस फोन करतो, 'सर' म्हणतो, काम झालं की कधीमधी पेढेही येतात. काढून घेण्यासाठी मला आजवर कुणीही फोन केलेला नाही. "मी आता खरेदी विभागात नाही, माझी तिथली परवानगी काढा," असं म्हणणारा माणूस मी वीस वर्षांत पाहिला नाही. उलट मी स्वतःहून काढली तर लोकांचा अपमान होतो. चार खाती फिरून आलेल्या एका साहेबांकडे चारही खात्यांच्या किल्ल्या होत्या. मी तीन काढल्या. ते माझ्या टेबलाशी आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझ्यावर काही संशय आहे का?" मी तिन्ही परत दिल्या. माहेरची खोली कुणी वापरत नसलं तरी तिला कुलूप लावलेलं लेकीला आवडत नाही.

दर तीन महिन्यांनी ऑडिटवाल्यांसाठी एक तपासणी होते. मी प्रत्येक विभागप्रमुखाला यादी पाठवतो: ही तुमची माणसं, या त्यांच्या परवानग्या, कोणाला काय लागतं ते लिहा. एका विभागाची यादी 143 ओळींची होती. उत्तर दोन मिनिटांत आलं. सगळ्यांपुढे 'लागते'. यादीत एक नाव त्यांच्या स्वतःच्या आधीच्या विभागप्रमुखांचं होतं, ज्यांच्या निरोपाला आम्ही सगळे जेवून आलो होतो.

ते म्हणजे आमचे नागपूरचे अकाउंट्सवाले काका. 31 मे रोजी निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, चांदीचा गणपती, सगळं झालं. भाषणात ते सद्गदित झाले, निघताना प्रत्येकाशी हात मिळवला आणि लिफ्टच्या दारात म्हणाले, "येतो."

1 जूनला मी त्यांचं खातं बंद केलं. नियमाप्रमाणे वेळेत केलेलं हे माझं एकमेव काम. 1 जूनला संध्याकाळीच बँकेकडे जाणारी पगाराची फाइल तयार झाली नाही. शोध घेतला तेव्हा कळलं की ती फाइल बनवणारी एक्सेलची करामत काकांनी कैक वर्षांपूर्वी स्वतःच्या डेस्कटॉपवर, स्वतःच्या नावाने लावून ठेवली होती, आणि ती काकांशिवाय कुणाच्याही हाताने चालत नाही. मी त्यांचं खातं पुसून त्याच नावाचं नवं उघडून देतो म्हणालो. पण नाव तेच ठेवलं तरी यंत्रणा आतला क्रमांक नवा देते, आणि तिच्या लेखी हा पुनर्जन्म, आधीच्या जन्मातलं देणंघेणं याला लागू नाही. शेवटी साहेब म्हणाले, "तात्पुरतं चालू ठेवा." मी काकांना जिवंत केलं. बाराशे लोकांचा पगार झाला.

काका सध्या मुलीकडे कॅनडात असतात. त्यांचा डेस्कटॉप बहात्तर तासांचं तारतम्य बाजूला ठेवून नागपुरात चालू आहे, दर महिन्याला फाइल बनवतो, आणि दर तिमाहीला त्यांच्या नावापुढे 'लागते' असा शेरा येतो. माझ्या पडद्यावर त्यांच्या नावासमोर 'डिस्कनेक्टेड' असं लिहिलेलं दिसतं.

तेव्हा वाचकहो, एक विनंती आहे. तुम्ही एखादी नोकरी सोडली असेल, आणि तिथला पासवर्ड अजून आठवत असेल, तर तो टाकून बघू नका. तो चालेल. त्यापेक्षा तिथल्या किल्लीवाल्याला एक फोन करा आणि 'जातो' म्हणा.